तीन विद्यापीठांनी मिळून मूडलचा एक प्लगइन कसा लिहावा

इंटर्नलचे (अंतर्गत मूल्यमापनाचे) गुण शिक्षक मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर भरतात, पण परीक्षा विभागाला ते ठरलेल्या तक्त्यातच हवे असतात: पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), नाव, विषयाचा कोड, गुण, आणि गैरहजर असेल तर 'एबी'. त्यासाठी प्रत्येक विद्यापीठ आपापला प्रोग्राम लिहून घेते. लिहिणारा कंत्राटी माणूस निघून गेला की पुढच्या अपग्रेडला तो प्रोग्राम बंद पडतो. हे काम दोन-तीन विद्यापीठांनी प्लगइन म्हणून, म्हणजे मूडलला जोडता येणारा वेगळा कोड म्हणून, एकत्र केले तर खर्च वाटला जातो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोड जाणणारी माणसे एकापेक्षा जास्त राहतात. जर्मन भाषिक विद्यापीठांची 'मूडल आन होखशूलेन' ही संस्था बूस्ट युनियन नावाची थीम (मूडलचे रूप ठरवणारा प्लगइन) अशीच सांभाळते. ऑस्ट्रियातली अकॅडेमिक मूडल कोऑपरेशनही याच पद्धतीने काम करते.

मूडलच्या मूळ कोडला मात्र हात लावायचा नाही. नवी आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, सुरक्षेच्या दुरुस्त्या अधूनमधून येतच असतात. मूळ फायलीतल्या चार ओळी बदलल्या, तरी त्या प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा बसवाव्या लागतात, आणि तेही तीन ठिकाणी. गुणांच्या तक्त्यासाठी मूडलमध्ये 'ग्रेड एक्सपोर्ट' हा प्लगइनचा स्वतंत्र प्रकार आहेच. सुरुवात करण्याआधी मूडलच्या प्लगइन डिरेक्टरीत (तयार प्लगइनच्या यादीत) शोधून पाहा. गरजेच्या जवळपास जाणारे काही सापडले, तर त्याच्या मूळ लेखकाला दुरुस्ती पाठवणे हे नवे लिहिण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडते.

कोड लिहिण्याआधी

एक पानभर करार लिहून कुलसचिवांची सही घ्या. मूडल जीपीएल या मुक्त परवान्याच्या आवृत्ती ३ किंवा नंतरच्या आवृत्तीखाली आहे. प्लगइनही त्याच परवान्याखाली खुला करायला विद्यापीठाची हरकत नाही, हे कागदावर हवे. नाहीतर वर्षभराने कुणीतरी बौद्धिक संपदेचा प्रश्न काढतो आणि काम अडकते. रिपॉझिटरी (कोडचा साठा) कुणा एकाच्या खाजगी खात्यावर नको, कोड ठेवण्याच्या गिटहब या साइटवर संयुक्त ऑर्गनायझेशन उघडा. मर्ज करण्याचा (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याचा) अधिकार निदान दोन विद्यापीठांतल्या माणसांकडे असू द्या. मुख्य ब्रँच (कोडची शाखा) कुलूपबंद ठेवा: दुसऱ्या विद्यापीठाच्या माणसाने तपासल्याखेरीज तिच्यात काहीही जाणार नाही. या नियमाने काम थोडे हळू होते, पण 'हे फक्त आमच्याकडेच असे असते' हे कोडमध्ये शिरण्याआधीच लक्षात येते.

सगळ्यांनी एकाच आवृत्तीवर काम करावे. मूडल ४.५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळतील, आणि तिला पीएचपी (मूडल ज्या भाषेत लिहिले आहे ती) किमान ८.१ लागते. मूडलचेच 'मूडल-डॉकर' हे साइट उभी करणारे साधन वापरले तर प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तंतोतंत सारखी साइट उभी राहते. डीबगिंग 'डेव्हलपर' पातळीवर ठेवा. एकाने तरी पोस्टग्रेस आणि एकाने मारियाडीबी या डेटाबेसवर चालवून पाहावे, कारण एकावर निमूट चालणारी क्वेरी दुसऱ्यावर कोसळू शकते.

फरक सेटिंगमध्ये, कोडमध्ये नाही

एका ठिकाणी इंटर्नल २० गुणांचे, दुसऱ्या ठिकाणी ४० चे. हा फरक प्लगइनच्या सेटिंग पानावर ठेवा. विद्यापीठाचे नाव तपासणारी 'जर अमुक असेल तर' अशी ओळ कोडमध्ये दिसली, तर ती तपासणीतच परत पाठवा. गुण पूर्णांकात आणण्याचा नियमही सेटिंगच आहे. मूडल गुण दशांशानंतर पाच स्थळांपर्यंत साठवते आणि पडद्यावर कमी स्थळे दाखवते, म्हणून शिक्षकाला दिसलेला आकडा आणि तक्त्यातला आकडा वेगळा निघू शकतो. कोणता नियम लावायचा हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.

पीआरएन मूडलमध्ये सदस्याच्या 'आयडी नंबर' रकान्यात ठेवतात. राज्यातल्या अनेक विद्यापीठांचा पीआरएन १६ अंकी आहे आणि एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. त्यामुळे १६ वा अंक शून्य होऊन बसतो, आणि एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाण्याची वेळ येते. यावर उपाय असा: तक्ता एक्सेल फाइलमध्येच द्या आणि पीआरएन लिहिताना संख्या लिहिणारे फंक्शन न वापरता मजकूर लिहिणारे वापरा. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) दिली, तर ती एक्सेलने उघडताच अंक बिघडतो, मग तुमचा कोड कितीही बरोबर असो.

दुसरी अडचण 'एबी'ची. मूडलला शून्य कळते आणि रिकामी जागा कळते, पण रिकामी जागा म्हणजे विद्यार्थी गैरहजर होता की शिक्षकाने अजून तपासलेच नाही, हे कळत नाही. म्हणून गैरहजेरीची नोंद प्लगइनच्या स्वतःच्या टेबलात घ्या, आणि एकही जागा अनिर्णित असेल तोवर तक्ता डाउनलोड होऊ देऊ नका.

डेटाबेस बदलताना

एकत्र काम करताना सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. प्लगइनच्या व्हर्जन फाइलमध्ये दहा अंकी क्रमांक असतो: वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी दोन अंकी क्रम, जसे २०२५०७१००१. साइटवर नोंदलेल्या क्रमांकापेक्षा फाइलमधला मोठा असेल, तरच मूडल अपग्रेड फाइल (डेटाबेसमधले बदल करणारी) चालवते.

समजा, एका ब्रँचमध्ये 'कारण' हा नवा रकाना आला आणि त्याच दिवशी दुसऱ्या ब्रँचमध्ये 'सत्र' हा रकाना आला. दोघांनीही २०२५०७१००१ हाच क्रमांक दिला. पहिली ब्रँच ज्या सर्व्हरवर आधी चढली, तिथे तो क्रमांक नोंदला गेला. दुसरी मर्ज झाल्यावर मूडलला क्रमांक सारखाच दिसतो, ते काहीच चालवत नाही आणि कुठलीही सूचनाही देत नाही. 'सत्र' रकाना तयारच होत नाही, आणि शिक्षक पान उघडतो तेव्हा डेटाबेस वाचता येत नसल्याचा एरर येतो. नव्या साइटवर मात्र सगळे सुरळीत चालते, म्हणून दोष सापडायला वेळ लागतो.

यासाठी अंतिम क्रमांक मर्ज करणाऱ्यानेच द्यावा. ब्रँचमधला क्रमांक तात्पुरता समजावा. रकाना आधीच आहे का, हे तपासून मगच तो घाला आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी सेव्हपॉइंट (इथवर अपग्रेड झाले ही खूण) नोंदवा. एक्सएमएल फाइलमध्ये टेबलाची रचना बदलली की अपग्रेड फाइलमध्येही तोच बदल लिहायचा. पहिली फाइल फक्त नव्या साइटसाठी असते, जुन्या साइट दुसरीवर चालतात. तपासणाऱ्याने आदली आवृत्ती बसवून तीवरून अपग्रेड करून पाहावे, ताजी साइट पुरेशी नाही.

भाषा, चाचण्या, प्रकाशन

पडद्यावरचे वाक्य तुकडे जोडून बनवू नका. इंग्रजीत 'तपासलेले' आधी आणि 'एकूण' नंतर येते, मराठीत '६० पैकी ४०' असा क्रम उलटतो. पूर्ण वाक्य भाषा फाइलमध्ये ठेवून आकड्यांच्या जागी नाव असलेले प्लेसहोल्डर द्या. प्लगइनमध्ये फक्त इंग्रजी वाक्ये ठेवा. डिरेक्टरीत मंजुरी मिळाली की ती 'एमोस' या भाषांतराच्या साधनात जातात, मराठी तिथे भरा.

गिटहबवर 'मूडल-प्लगइन-सीआय' लावले की प्रत्येक बदलावर कोडची शैली, पीएचपीयुनिटच्या (कोडच्या) आणि बिहॅटच्या (पडद्यावरच्या वापराच्या) चाचण्या आपोआप चालतात. निदान तीन चाचण्या हव्यात: १६ अंकी पीआरएन जसाच्या तसा बाहेर येतो, शून्य आणि गैरहजर वेगळे दिसतात, परवानगी नसलेल्याला तक्ता मिळत नाही. चाचणीत आणि तक्रारीच्या नोंदीत खऱ्या विद्यार्थ्याचे नाव किंवा गुण कधीच नकोत, स्क्रीनशॉटमध्येसुद्धा. गिटहबची नोंद जगाला दिसते. टेबलात सदस्याची माहिती साठवता, म्हणून प्रायव्हसी प्रोव्हायडरचा क्लास लिहावाच लागतो. विद्यार्थ्याने आपली माहिती मागितली किंवा पुसायला सांगितली, तर मूडल त्याच्यामार्फतच ते काम करते.

प्रत्येक आवृत्तीला टॅग द्या. ती आधी एका विद्यापीठाच्या चाचणी सर्व्हरवर चढवा, मग बाकीच्यांच्या. गुण भरण्याच्या आठवड्यात नवे काही चढवू नका. ५.१ पासून मूडलच्या वेब फायली 'पब्लिक' फोल्डरात गेल्या आहेत, तेव्हा त्या आवृत्तीवर जाताना प्लगइनचे फोल्डरही 'पब्लिक'च्या आत हलवावे लागेल. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आवृत्त्यांवर चाचण्या चालवण्याची पाळी कोणाची, हे करारातच नावानिशी नव्हे तर पदानिशी लिहा, म्हणजे बदली झाली तरी पाळी चुकत नाही.