नवी छोटी एसयूव्ही घेताना आधी काय तपासावे
चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या एसयूव्हीचे सनरूफ आणि मोठी टचस्क्रीन शोरूममध्ये भुरळ घालतात. परंतु रोज शहरातील कोंडीतून जायचे असेल, तर गिअरबॉक्स आधी पाहावा. ड्राय क्लचचा (तेलात न बुडलेल्या क्लचचा) ड्युअल-क्लच गिअरबॉक्स, म्हणजे दोन क्लचच्या मदतीने आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, संथ रहदारीत अर्धवट क्लचवर सरकत राहिल्याने तापतो, तर टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनची ताकद पुढे पोचवण्याचे काम तेलाच्या माध्यमातून होत असल्याने तो अशा वापरात अधिक निर्धास्त ठरतो. रुबाबदार मोठ्या चाकांवरील टायर बुटके असल्याने खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो. रंग मात्र खुशाल हौसेने निवडावा. अगदी नव्या मॉडेलचे बुकिंग घाईने करण्यापूर्वी, त्याचे इंजिन त्याच कंपनीच्या जुन्या गाडीत काही वर्षे चाललेले आहे का, हे सर्व्हिस सेंटरमधील मेकॅनिकला विचारावे.