आयसीटीच्या (कॉम्प्युटरच्या) तासाला या चुका टाळा: आकडा दिसतो बरोबर, असतो चुकीचा

पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये एक काम दरवर्षी ठरलेलं असतं, पंचगंगेची पाणीपातळी. राजाराम बंधाऱ्यावरची रोजची पातळी पेपरात येते, मोबाईलवर फिरते, पोरं ती रोज एक्सेलमध्ये भरतात आणि महिना संपला की आलेख काढतात. कोल्हापूरच्या पोराला ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी हे वेगळं शिकवावं लागत नाही, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलेलं, कित्येकांच्या घरात शिरलेलं, त्यामुळं हा आकडा त्यांच्यासाठी पुस्तकातला नसतो. तर नववीतल्या एका मुलीचा आलेख मी बघत होतो, रेघ चढत चढत आलीय आणि मधेच एका दिवशी धपकन खाली, नंतर परत हळूहळू वर. ती म्हणाली, "सर, त्या दिवशी पाणी उतरलंच नव्हतं. आम्ही घाटावर बघायला गेलेलो, वाढतच होतं."

तिचं बरोबर होतं, शीट चुकली होती. आदल्या दिवशीची पातळी ४१ फूट ९ इंच, ती तिनं ४१.९ अशी टाकलेली. दुसऱ्या दिवशी ४१ फूट १० इंच, म्हणून टाकलं ४१.१०. आपल्याकडं बोलताना, लिहिताना सगळेच असं लिहितात, पेपरातसुद्धा असं दिसतं, पण एक्सेलला ते फूट-इंच आहे हे कुठं माहितीय, त्याच्या दृष्टीनं शेवटच्या शून्याला किंमत नाही, त्यामुळं ४१.१० चं झालं ४१.१ आणि एक इंच वाढलेलं पाणी कागदावर खाली आलं. आणि बघा, ४१ फूट १ इंच असता तरी तो ४१.१ च लिहिला असता, म्हणजे दोन वेगळ्या पातळ्या शीटमध्ये एकच होऊन बसतात आणि नंतर कुणालाच सांगता येत नाही की कुठली कुठली.

ही चूक लवकर सापडत नाही त्याचं कारण पण समजून घ्या. पोरांनी रंग लावलेले असतात, ३९ च्या वर गेलं की पिवळा, ४३ च्या वर गेलं की लाल, आणि ते रंग अगदी बरोबर येतात कारण फुटाचा आकडा बरोबरच असतो. रंग बरोबर आले म्हणजे शीट बरोबर असं वाटतं. आलेख काढला किंवा सरासरी काढली तरच बिंग फुटतं.

उपाय सोपा आहे, फुटाचा रकाना वेगळा, इंचाचा वेगळा, आणि तिसऱ्या रकान्यात फॉर्म्युला: फूट अधिक इंच भागिले १२. मग ४१ फूट ९ इंच होतात ४१.७५ आणि ४१ फूट १० इंच होतात ४१.८३, रेघ जशी पाहिजे तशी वर जाते. पोरांना हे पटवायचं असेल तर गुंठ्याचं उदाहरण द्या, गावाकडच्या पोराला लगेच कळतं. २ एकर २० गुंठे रान २.२० लिहिलं तर कॉम्प्युटर त्याला सव्वादोनपेक्षाही कमी धरणार, पण ४० गुंठ्याचा एकर असतोय म्हणजे ते अडीच एकर झालं की. ज्याला रान नाही त्याला क्रिकेट विचारा, ४.३ ओव्हर म्हणजे साडेचार ओव्हर. जिथं दहाचा हिशोब नाही तिथं टिंब द्यायचं नाही, एवढं एक वाक्य मी फळ्याच्या कोपऱ्यात कायमचं लिहून ठेवलंय.

पुढची चूक आकडे गायब होण्याची. कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ टाका, एंटर मारा, २३१ राहतंय. पोरं तीनतीनदा शून्य टाकत बसतात. इथं नियम असा की ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधीच होणार नाही तो आकडा नाहीच, ते नाव आहे. फोन नंबर, पिनकोड, खाते नंबर, आधार, शाळेचा युडायस (सरकारी कोड नंबर), हे सगळं नाव समजा. मग तो रकाना आधी सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट करा आणि त्यानंतरच टाईप करा. आधी, नंतर नाही! हा क्रम महत्त्वाचा का ते सरल या सरकारी विद्यार्थी-नोंदणीच्या आयडीवरून कळतं. विद्यार्थ्याचा सरल आयडी १९ आकडी असतो आणि एक्सेल कुठल्याही संख्येतले पहिले १५ आकडेच नीट धरून ठेवतं, पुढच्या सगळ्यांची शून्यं करतं. म्हणजे शेवटचे ४ आकडे गेले. आणि एका शाळेतल्या एकाच वर्षीच्या पोरांच्या आयडीत फरक असतो तो बहुतेक शेवटीच, त्यामुळं अख्ख्या वर्गाला एकच आयडी पडल्यासारखं होतं. नंतर कितीही फॉरमॅट बदला, गेलेले आकडे परत येत नाहीत, रजिस्टर काढून पुन्हा भरायचं. एका शाळेत पूर्ण दोन वर्गांची यादी अशी गेलेली मी बघितलीय, आणि ती भरणाऱ्या बाईंनी एकही बटण चुकीचं दाबलेलं नव्हतं.

आधारचं मात्र थोडं वेगळं. १२ आकडी नंबर टाकला की मधे टिंब, पुढं ई आणि अधिक ११ असलं काहीतरी दिसतं आणि सगळे घाबरतात. तिथं घाबरायचं कारण नाही, १५ च्या आतला आकडा आहे, आत सगळा शाबूत असतो, फक्त दाखवायची पद्धत बदललेली असते. नंबर फॉरमॅट करून दशांश शून्य ठेवा, सगळे १२ दिसतात.

आधारचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीनं सांगतो, सरावाच्या फाईलमध्ये पोरांचे खरे आधार, खरे मोबाईल नंबर टाकू नका. ती फाईल पेनड्राईव्हवरून चार घरं फिरते. खोटी नावं, खोटे नंबर घ्या, शिकायला तेवढं पुरतं.

तारीख. ही चूक सगळ्यात जास्त नडते कारण ती अर्धीच होते. लॅबमधल्या बऱ्याच मशीनवर विंडोजची सेटिंग अमेरिकन राहिलेली असते, महिना आधी, दिवस नंतर. पोरगं जन्मतारीख टाकतं ०५/०६/२०१२, त्याच्या मनात ५ जून, मशीन घेतं ६ मे. पण २५/०६/२०१२ टाकलं तर पंचविसावा महिनाच नाही, म्हणून मशीन त्याला तारीख मानत नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून देतं. एकाच रकान्यात काही तारखा उलट्या, काही मजकूर, आणि डोळ्याला सगळं एकसारखंच दिसतं. वयाचा फॉर्म्युला लावला की निम्म्या ठिकाणी व्हॅल्यूचा एरर, आणि उरलेल्या निम्म्यात वय येतं, पण ते उलटलेल्या तारखेवरून आलेलं असतं, म्हणून माझ्या मते एरर आलेली पोरं नशीबवान. ओळखायचं कसं, तर तारीख सेलच्या उजवीकडं चिकटली असेल तर मशीननं ती तारीख धरलीय, डावीकडं असेल तर मजकूर. अर्थात मुद्दाम सेंटर केलं असेल तर हे कळणार नाही, म्हणून भरून होईपर्यंत अलाइनमेंटला हात लावू देऊ नका. कायमचा उपाय म्हणजे कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन उघडून इंग्लिश इंडिया करा, सगळ्या मशीनवर करा, वर्षाच्या सुरवातीलाच करा. आणि तेवढं जमत नसेल तर पोरांना ५-जून-२०१२ असा महिना अक्षरात लिहायला लावा, महिना इंग्रजीत, मग उलटसुलट व्हायला जागाच राहत नाही.

आता सॉर्टिंग, याच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे कारण यात माणसाचं नुकसान होतं. पोरं नावाचा एकटाच रकाना सिलेक्ट करतात आणि ए टू झेड दाबतात. एक्सेल विचारतं, एक्सपांड द सिलेक्शन की आहे त्याच सिलेक्शनवर चालू ठेवू, आणि इंग्रजी वाचायचा कंटाळा, किंवा मॅसेज आला म्हणजे काहीतरी बिघडलं अशी भीती, म्हणून दिसेल ते बटण दाबलं जातं. नावं हलली, मार्क जागेवर राहिले. याचे मार्क त्याला, त्याचे तिला. कुठं लाल रंग नाही, एरर नाही, बेरीज तीच, सरासरी तीच. ताबडतोब लक्षात आलं तर कंट्रोल झेड, पण सेव्ह करून फाईल बंद केली की संपलं.

दुसरा प्रकार, शीट सुंदर दिसावी म्हणून मधे एक रिकामा कॉलम सोडलेला असतो. मग एका सेलवर क्लिक करून सॉर्ट केलं तरी एक्सेल त्या रिकाम्या कॉलमपर्यंतच टेबल धरतं, पलीकडचं तसंच राहतं. म्हणून मधे रिकामा कॉलम नको, रिकामी ओळ नको, मर्ज केलेले सेल तर अजिबात नकोत. सजावट करायची तर दुसऱ्या शीटवर करा. आणि काही करायच्या आधी पहिल्या रकान्यात १, २, ३ असा अनुक्रमांक टाकून ठेवा, म्हणजे पूर्ण टेबल कितीही उलटंपालटं केलं तरी त्या क्रमांकावर सॉर्ट केलं की मूळ क्रम परत मिळतो. फक्त एकटा रकाना हलला असेल तर तो पण वाचवू शकत नाही, हेही पोरांना सांगा. एकदा वर्गात मुद्दाम ही चूक करून दाखवा, पाच खोटी नावं आणि पाच मार्क घेऊन, आणि विचारा आता पहिला नंबर कुणाचा. सांगून जे डोक्यात जात नाही ते बघून जातं.

आपल्या जिल्ह्यात तालुके १२. पण पोरांनी भरलेल्या शीटचा पिव्होट टेबल (कुठलं नाव किती वेळा आलं याचा गोषवारा) काढला की तालुके येतात १९, २०. करवीर दोनदा असतं, कारण एकाच्या पुढं स्पेस राहिलेली, दिसत नाही पण मशीनला वेगळा शब्द. हातकणंगलेची तर चारपाच रूपं निघतात, गगनबावड्याला कुणी नुसतंच बावडा लिहितं, गडहिंग्लजमध्ये कुणी हलंत देतं कुणी नाही. पोरांचं शुद्धलेखन कच्चं म्हणून रागवून उपयोग नाही, मोठी माणसं पण असंच लिहितात. ट्रिमचा फॉर्म्युला लावून जादा स्पेस काढता येते, पण स्पेलिंगवर औषध एकच, डेटा व्हॅलिडेशनमध्ये जाऊन लिस्ट करा, १२ नावं एकदाच नीट लिहा आणि सगळ्यांनी त्यातनंच निवडायचं. ही लिस्ट पोरांकडूनच करून घ्या, नावावरून वाद होतो आणि तो वाद चांगला असतो.

पाऊस मोजायचा उपक्रम करत असाल तर शून्य आणि रिकामं यातला फरक पहिल्या दिवशी सांगा. पाऊस पडला नाही, शून्य. रविवारी शाळा बंद, मोजलाच नाही, तर सेल रिकामा. ॲव्हरेज फॉर्म्युला रिकाम्या सेलला मोजत नाही पण शून्याला मोजतो, त्यामुळं गैरहजेरीच्या जागी शून्य टाकलं की राधानगरीच्या पावसाची सरासरी उगाच खाली येते. परीक्षेच्या मार्कांना पण हेच. आणि सेलमध्ये ४५ मिमी असं लिहू नका, मिमी वर हेडिंगमध्ये, खाली नुसता आकडा. मराठी कीबोर्ड चालू ठेवून आकडे टाकायची पण सवय मोडा, मराठी आकड्यांना कधीकधी मजकूर समजलं जातं आणि मग बेरजेच्या सम फॉर्म्युल्याचं उत्तर शून्य येतं, पोरगं तासभर फॉर्म्युल्यात चूक शोधत बसतं.

मराठी टायपिंगचं थोडक्यात. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे कृतीदेव, श्रीलिपी वगैरे, टाईप केलेली यादी आत इंग्रजी अक्षरंच असते, फॉन्ट नसलेल्या मशीनवर तिचा कचरा दिसतो आणि शोधलेलं नाव सापडत नाही. शाळेत युनिकोडच वापरा, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं, आणि इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिकवा. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने तोडलेली साधी मजकूर फाईल, करताना यूटीएफ-८ वाला पर्याय निवडा, साधा सीएसव्ही केला की सगळ्या नावांची प्रश्नचिन्हं होतात. आणि सीएसव्ही परत डबलक्लिक करून उघडली की ०२३१ चं पुन्हा २३१ होतं, त्यामुळं मूळ एक्सेल फाईल कधी उडवू नका.

राहिलं सेव्ह करणं. पेनड्राईव्हवर नेलेली फाईल घरी उघडत नाही अशी तक्रार आली की आधी फाईलचा साईज बघा, एकदोन केबी असेल आणि चिन्हावर छोटा बाण असेल तर पोरानं शॉर्टकट नेलाय, फाईल लॅबमध्येच आहे. पावसात लाईट जाते, सगळ्या मशीनला यूपीएस नसतो, आणि एक्सेलचं ऑटोरिकव्हर, म्हणजे आपोआप जपून ठेवणं, मुळात दर १० मिनिटाला चालतं, तेव्हा दहा ओळी भरल्या की कंट्रोल एस. फाईलला न्यू, न्यू२, फायनल असली नावं नकोत, पाणीपातळी आणि पुढं वर्ष-महिना-दिवस.

आलेख काढायच्या आधी आमच्याकडं आता एक पद्धत आहे. प्रत्येक रकान्याच्या खाली मिन (सगळ्यात लहान आकडा) आणि मॅक्स (सगळ्यात मोठा) लावायचं आणि शेजारच्याला वाचून दाखवायचं. इंचाच्या रकान्यात मॅक्स १४ आला तर कुणीतरी चुकलंय, कारण इंच ११ च्या पुढं जातच नाहीत. वयाच्या रकान्यात मिन ३ आला तर जन्माचं वर्ष चुकलंय. शेजारचं पोरगंच ओरडतं, "आरं, असं कसं असंल?" आणि मग दोघं मिळून ओळ शोधतात.

त्या मुलीनं तिची शीट नंतर पूर्ण नव्याने भरली, जून ते ऑगस्ट, फूट वेगळे, इंच वेगळे. पहिल्या ओळीत पिवळ्या रंगात तिनंच लिहून ठेवलंय, "४१.१० लिहू नका". पुढच्या वर्षीच्या वर्गाला मी तीच फाईल देणार आहे.