घरच्या बागेतला लव्हाळा कसा संपवायचा (आणि उपटून का संपत नाही)

बागेतल्या तणाबद्दल कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "मुळासकट उपटून टाका". घोळ, केना, दुधी (भोपळा नव्हे, त्या नावाचं तण), आघाडा यांच्यासाठी ते बरोबरच आहे, पाऊस पडून गेला की माती मऊ असताना फुलं धरायच्या आत उपटा, विषय संपला. घोळीची तर भाजी करा. गाजरगवत असेल तर हातमोजे घाला, काही जणांच्या अंगावर रॅश येते, आणि पांढरी फुलं दिसायच्या आधीच काढा. एवढंच आहे ते. यांच्यावर पानंच्या पानं कशाला लिहितात मला कळत नाही.

खरी भानगड लव्हाळ्याची. कुणी नागरमोथा म्हणतं, कुणी नुसतं मोथा. आज उपटला की चार-पाच दिवसांत परत वर, पहिल्यापेक्षा दाट. मग वैतागून लोक मीठ, व्हिनेगर, भांड्यांचं लिक्विड असलं काहीतरी कालवून ओततात. कृपा करून हे करू नका. व्हिनेगरने वरची पानं करपतात, फोटो छान येतो, खाली मातीतली कंदासारखी गाठ जशीच्या तशी. मीठ मात्र मातीत राहतं आणि लव्हाळ्याच्या आधी तुमची टोमॅटोची रोपं मरतात. उकळतं पाणीही तसंच, ते खाली झिरपेस्तोवर कोमट होतं, गाठींना काही होत नाही, वरची गांडुळं बिचारी फुकट जातात.

आधी खात्री करा की लव्हाळाच आहे. दांडी चिमटीत धरून फिरवा, तीन कडा बोटाला लागल्या तर लव्हाळा. दांडी गोल, जमिनीवर सरपटलेली आणि पेरापेराला मुळं फुटलेली असेल तर ती हरळी, तिचं खाली वेगळं सांगते. लव्हाळ्याची पानं गडद हिरवी, चकचकीत, बुडाशी तीन दिशांना गेलेली, आणि तुरा तपकिरी-जांभळट. गाठ नखाने खरवडून वास घेतलात की दिवाळी आठवेल, उटण्यात जो नागरमोथा पडतो तो म्हणजे याच गाठी. वास छान म्हणून भुलू नका, तणांचा अभ्यास करणारे लोक जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांच्या यादीत याला पहिला नंबर देतात.

आता मातीच्या खाली काय चाललंय ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. वर एक रोप दिसतं पण खाली गाठींची साखळी असते, एक गाठ, तिच्यातून निघालेली बारीक चिवट काळी मुळी, तिला पुढची गाठ, तिला आणखी पुढची. वरची गाठ कोंब चालवत असते तोपर्यंत मागच्या बऱ्याचशा झोपलेल्या असतात, वरची त्यांना दाबून ठेवते. तुम्ही रोप हिसकलं की मुळी मधेच तुटते, हातात पानांचा झुपका येतो, फार तर एखादी गाठ, आणि साखळी तुटल्यामुळे ज्या झोपल्या होत्या त्या जाग्या होतात. एकाची चार होतात ती अशी. शिवाय प्रत्येक गाठीवर एकापेक्षा जास्त डोळे, एक कोंब मारला की दुसरा फुटतो. बियांचं मात्र टेन्शन घेऊ नका, याचं बी फारसं उगवत नाही, सगळा खेळ गाठींचाच आहे.

त्याचे दोन वीक पॉइंट आहेत. गाठ ऊन-वाऱ्यात पूर्ण सुकली की मरते. आणि त्याला सावली सोसत नाही.

काम कधी सुरू करायचं तर मार्च ते मे, वाफा रिकामा असताना. पावसाळ्यात खोदायला घेऊ नका, ओल्या मातीत तुटलेली प्रत्येक गाठ लगेच फुटते, म्हणजे तुम्ही स्वतःच्या हाताने लागवड करताय. मृगाच्या आधी खोदाई, चाळणी आणि पुढची राखण एवढं सगळं व्हायला हवं, त्या हिशोबाने मागे मोजा.

खोदाई

इथेच सगळे अडकतात, मीही बरीच वर्षं इथेच अडकले होते, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, कुदळ आणि रोटरी टिलर बाजूला ठेवा. कुदळीच्या घावाने साखळ्यांचे तुकडे होतात आणि टिलर ते तुकडे अख्ख्या वाफ्यात सारखे पसरवतो. आमच्या ओळखीतल्या एकांनी भाड्याने टिलर आणून मागचं अंगण भुसभुशीत करून घेतलं, पहिल्या पावसानंतर जिथे लव्हाळा नव्हता तिथेसुद्धा हिरवागार गालिचा. दाताळं घ्या, नाहीतर चार दातांचा गार्डन फोर्क, ज्याने माती उचलली जाते, कापली जात नाही.

दुसरी गोष्ट ओल. काळी माती एकदम कोरडी असेल तर ढेकळं निघतात आणि गाठी ढेकळाच्या पोटात सुरक्षित बसतात, बाहेरून ढेकूळ तापलं तरी आत ओल राहते. एकदम ओली असेल तर चिखल, चाळणीतून काहीच खाली पडत नाही. दोन-तीन दिवस आधी वाफा भिजवा आणि वाफसा आला की खणा, मूठ वळली तर गोळा होईल पण बोटाने टोचला की फुटेल, तेवढी ओल. लाल मातीवाल्यांना आणि कुंडीवाल्यांना हा त्रास कमी.

सुरुवात वाफ्याच्या कडेपासून, हिरव्या कोंबापासून वीतभर लांब फोर्क घालायचा, तिरका दाबायचा, सगळा ढेप वर उचलायचा आणि मग हाताने माती झाडायची. कोंब धरून ओढायचा नाही. हे मी परत सांगते, कोंब धरून ओढायचा नाही. माती मोकळी झाली की साखळी आपोआप लोंबते, काळी मुळी जिकडे जाते तिकडे बोटाने माती बाजूला करत जायचं. तुटली तर जिथे तुटली तिथेच खाली बघा, दुसरं टोक तिथेच आहे.

आणि इथे डोळा फसतो. नव्या गाठी पांढऱ्या, रसरशीत असतात त्या पटकन दिसतात, त्या गोळा केल्या की वाटतं झालं काम. जुन्या गाठी काळ्या-तपकिरी, वर सुकलेली सालं, हरभऱ्याएवढ्या किंवा थोड्या मोठ्या, काळ्या मातीत हुबेहूब खडा. माळीकाका त्या बघून म्हणतात "ताई हे मेलेलं आहे, राहू द्या". मेलेलं नसतं हो, नखाने खरवडा, आत पांढरं निघतं. त्यामुळे नजरेवर विसंबू नका, माती चाळा. बांधकामावर वाळू चाळायची जाळी असते ना, तिची बारीक भोकांची, तिरकी उभी करायची आणि फावड्याने माती टाकायची. वर जे उरेल ते सगळं, खडे-मुळं-गाठी, एकत्र घमेल्यात. निवडत बसू नका, खड्यांचं काय करायचं ते नंतर बघू. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात पण काही फूटभर खालीही जातात, तेव्हा एक फूट चाळायचं. कंटाळवाणं आहे, पाठ मोडते, रोज थोडं करा. अख्खी बाग एका रविवारी करायची जिद्द धरू नका, अर्धी धड चाळलेली बरी, पूर्ण बाग अर्धवट चाळून काही मिळत नाही.

खणून झालं की तो वाफा पसरून उन्हात पडू द्या, ड्रिपचा कॉक बंद, शेजारच्या कुंड्यांचं पाणी तिकडे वाहणार नाही हेही बघा. मधून मधून वर-खाली करा. एप्रिलच्या उन्हात जी गाठ वर राहिली ती जाते.

मग एक काम करायचं जे ऐकून लोक मला वेड्यात काढतात. त्या सुकलेल्या वाफ्याला पाणी द्यायचं. भरपूर. आणि काहीही न लावता वाट बघायची. तुम्ही साखळ्या तोडल्या आहेत, त्यामुळे जाळीतून सुटलेल्या आणि उन्हातून वाचलेल्या बहुतेक गाठी आता एकदम फुटतात, आठ-पंधरा दिवसांत त्यांचा पत्ता तुम्हाला वरूनच दिसतो. आता एकेक सुटी गाठ आहे, वरची माती मोकळी आहे, खुरप्याने गाठीसकट अलगद उचलता येते. ही पायरी गाळून ज्यांनी लगेच भाजी लावली त्यांना जुलैमध्ये मिरचीच्या बुडात लव्हाळा सापडतो, आणि मग मिरची वाचवायची का लव्हाळा काढायचा हा प्रश्न.

खणणं झेपत नसेल तर मे महिन्यात प्लॅस्टिक अंथरा, पण पारदर्शक. सगळीकडे काळं सांगतात. लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, अंधारात तो तसाच सरळ वर येतो आणि काळा कागद भोसकून बाहेर पडतो. पारदर्शक कागदाखाली त्याला उजेड मिळतो, पानं तिथेच उघडतात आणि खाली भाजून निघतात. माती आधी भिजवायची, कागद मातीला चिकटून ताणायचा, चारही कडा मातीत गाडायच्या आणि चार ते सहा आठवडे उघडायचा नाही. खोल गाठी याने मरत नाहीत, वरच्या कमी होतात. खोदाईला पर्याय म्हणून नाही, काहीच न करण्याला पर्याय म्हणून ठीक.

पावसाळ्यात

राहिलेल्या गाठींना उपाशी मारायचं. नवा कोंब सुरुवातीला गाठीतल्या साठ्यावर वाढतो, पाच-सहा पानं झाली की पानं कमवायला लागतात आणि साधारण तीन आठवड्यांत खाली नवी गाठ धरायला सुरुवात होते. त्या आत कोंब कापायचा, मातीच्या दोन-तीन सेंटीमीटर खालून, खुरप्याने. दर दहा-बारा दिवसांनी फेरी. उपटायचं नाही, कापायचं. प्रत्येक वेळी परत फुटेल, फुटू द्या, दर वेळी गाठीतला साठा थोडा संपतो. सुरुवातीला काहीच फरक दिसत नाही आणि इथेच लोक सोडून देतात. गणपतीला गावी जाणार असाल तर जायच्या आदल्या दिवशी फेरी मारून जा, कारण परत याल तेव्हा तुरे आलेले असतील आणि खाली नव्या गाठी.

गुलाब, मोगरा, जास्वंदीच्या बुडात खणता येत नाही तिथे हेच, कापत राहणं, आणि सोबत ऑनलाइन शॉपिंगचे खोके. चिकटपट्टी काढून दोन थर, जोड एकमेकांवर वीतभर चढवून, खोडाभोवती थोडी जागा सोडून, वरून पालापाचोळा. नुसता पालापाचोळा लव्हाळा थांबवत नाही, त्यातून तो मजेत वर येतो. पुठ्ठासुद्धा भिजून मऊ झाला की भोसकतो, तेव्हा नवा थर टाकायचा.

रिकाम्या जागी चवळी किंवा ताग दाट पेरा, सावलीने लव्हाळा मागे पडतो. बटाटा किंवा इतर कंद त्या वाफ्यात या वर्षी नको, लव्हाळ्याचे कोंब बटाट्यातून आरपार जातात, कापल्यावर भोक दिसतं.

औषधाचं विचारतातच सगळे. ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं असा आदेश केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढला होता, तेव्हा दुकानदार डबा देतो म्हणून घेऊ नका. ऊसवाले लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन मारतात, चालतंही, पण त्याचं माप एकराला काही ग्रॅम असं असतं, चार बाय दहाच्या वाफ्याला चिमूटभराचा कितवा भाग घेणार? बाजूला भेंडी-टोमॅटो असताना तर नाहीच. माझं मत विचाराल तर घरच्या बागेत गरज नाही.

काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकायच्या नाहीत. घरचं कंपोस्ट तेवढं तापत नाही, त्या जिवंत राहतात आणि खताबरोबर सगळ्या कुंड्यांत पोचतात. गच्चीवर पत्र्यावर पातळ पसरा, हातात घेतल्यावर कुडकुडीत वाजेपर्यंत, मग कचऱ्याच्या गाडीत. कंपाउंडबाहेर भिरकावायच्या नाहीत, त्या परत येतात.

हरळीचं थोडक्यात. तिला गाठी नाहीत, पण पेराचा एक तुकडा राहिला तरी पुरतो. उन्हाळ्यात फोर्कने उचलून, दोऱ्या ओढून, उन्हात वाळवायची, कडेच्या फरशीखालचीही. दुर्वा म्हणून हवी असते, मान्य आहे, तर एका कुंडीत लावा आणि ती कुंडी सिमेंटवर ठेवा, मातीवर नाही.

आता नवा लव्हाळा येतो कुठून ते. नर्सरीच्या पिशवीतून, लाल मातीच्या पोत्यातून आणि नीट न कुजलेल्या शेणखतातून. पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून गाडी भरून रोपं आणली की लगेच वाफ्यात लावायची घाई करू नका. पिशव्या तशाच फरशीवर पंधरा दिवस ठेवा, पाणी घाला आणि काय उगवतं ते बघा. मातीचं आणि शेणखताचंही तेच, एका जुन्या टबमध्ये थोडं काढून ओलं ठेवा. टोकदार हिरवी सुई वर आली की ते पोतं वाफ्यात टाकायचं नाही, विकणाऱ्याकडे परत. घेत नसेल तर चाळून घ्या, नाहीतर उन्हात पसरून सुकवा, आणि पुढच्या वेळी माती दुसरीकडून आणा.