आवडती गाणी स्वतःकडे कशी ठेवायची

स्ट्रीमिंग ॲपमध्ये गाणं डाउनलोड केलं म्हणजे ते आपलं झालं असं नाही हां, ती फाइल लॉक असते, सबस्क्रिप्शन संपलं की वाजत नाही, आणि लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी, करार संपला तर अख्खा अल्बम गुपचूप गायब. नवीन काही शोधायला स्ट्रीमिंग खुशाल वापरा, पण जे परत परत ऐकता ते विकतच घ्या. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर घेतलंत तर फ्लॅक हा फाइल फॉरमॅट निवडा, सीडी असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने फ्लॅकमध्येच रिप करा, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, क्वालिटी जात नाही आणि साइज सीडीच्या मानाने साधारण निम्मी होते. एमपीथ्री त्यातून कधीही बनते, उलटं करून काही फायदा नाही. टॅग, म्हणजे फाइलमधली गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती, तेव्हाच भरा, नाहीतर बसा 'ट्रॅक 01' च्या ढिगाऱ्यात शोधत. आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये नाही!