इंजिनाचा ठोका आणि हरवलेली शिम

गेवराईकडचं आमचं विहिरीवरचं 5 एचपीचं डिझेल इंजिन. मिस्त्रीनं त्याचा डिझेल पंप (इंजिनात दाबानं डिझेल ढकलणारा) खोलून बसवला तेव्हापासून हातोडा मारल्यासारखं खटखट वाजायचं, हँडल उलटा झटका द्यायचं. भावाचं मनगट थोडक्यात वाचलं. डिझेल फवारणारं नोझल बदललं, पैसे गेले, खटखट तशीच.

मग पंपाकडून नोझलला जाणारा हाय प्रेशर पाईप काढून इंजिनाचं मोठं चाक चालायच्या दिशेनं हळूहळू फिरवलं. पंपाच्या तोंडाशी डिझेल थरथरून वर चढलं, तेव्हा चाकावरची इंजेक्शनची (डिझेल कधी पडायला हवं त्याची) खूण अजून चार बोटं लांब! म्हणजे हवा पुरती तापायच्या आतच डिझेल पडत होतं, साचून एकदम भडकत होतं. पंपाखालच्या शिमा, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, मिस्त्रीच्या पेटीत राहिलेल्या. त्या टाकल्या, पंप जरा उचलला गेला, डिझेल उशिरा पडू लागलं, खूण जुळली. डिझेलच्या पाईपातली एअर काढली. आता मोसंबीला पाणी चालूय.