गावातला धंदा फोनवर कसा न्यावा: हळद-तिखटाच्या निमित्ताने

होळी झाल्यावर एका सकाळी वहिनीच्या फोनवर पुण्याहून मेसेज आला. "वहिनी, यंदाची हळद झाली का? आई म्हणते तुमच्याकडचीच घे. दोन किलो पाठवता का?" पाठवणारी आमच्या गावचीच लेक, लग्न होऊन पुण्याला गेलेली. वहिनी सकाळपासून कांडपावर होती, मेसेज तिनं दुपारी चारला पाहिला. उत्तर गेलं तोवर त्या लेकीनं तिकडच्याच दुकानातून हळद घेऊन टाकली होती.

गावातल्या धंद्याचं नुकसान मला बहुतेक वेळा इथेच झालेलं दिसतं. जाहिरात कमी पडते म्हणून गिऱ्हाईक जातं असं आपण समजतो. खरं तर विचारणारा विचारून जातो आणि त्याला वेळेवर उत्तर मिळत नाही. म्हणून सोशल मीडियाचं काम उत्तरापासून सुरू करा. रील, पेज, पैसे भरून केलेली जाहिरात हे सगळं नंतर.

आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले. वहिनी आणि तिच्या बचत गटातल्या चौघी हळद, तिखट, सरगुंडे, कुरडया करतात. त्यांच्या फोनवर हे सगळं बसवताना जे कळलं तेच इथे लिहितोय. तुमचं ढेपेचं दुकान असो, रोपवाटिका असो की मंडप-डेकोरेशन, पायऱ्या याच.

पहिली पायरी: धंद्याचा नंबर वेगळा

व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं वेगळं ॲप आहे. भारतात ते २०१८ पासून मिळतं आणि फुकट आहे. एकाच नंबरवर साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस ॲप दोन्ही चालत नाहीत, पण दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही ॲप एकाच फोनमध्ये ठेवता येतात. लोकांकडे तुमचा जुनाच नंबर असेल तर तोच धंद्याला द्या, आधी बॅकअप घ्या, आणि घरच्यांसाठी नवीन सिम काढा. गिऱ्हाइकांना नवा नंबर पाठ करायला लावणं महागात पडतं.

नावाच्या जागी धंद्याचं नाव आणि गाव लिहा. पत्ता गावच्या माणसाला कळेल तसा: "बस स्टॉपपासून ग्रामपंचायतीकडे जाताना, पाण्याच्या टाकीजवळ". उघडण्या-बंद होण्याची खरी वेळ टाका. बाजाराच्या दिवशी दुकान बंद राहत असेल तर तेही लिहा.

दुसरी पायरी: तुम्ही कामात असताना फोनला बोलू द्या

ॲपच्या सेटिंगमध्ये धंद्यासाठीच्या सोयींचा भाग आहे. तिथे तीन गोष्टी लगेच करून घ्या. नव्या माणसाला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज, तुम्ही नसताना जाणारा मेसेज, आणि झटपट उत्तरं. पुण्याच्या लेकीची ऑर्डर गेल्यावर आम्ही त्याच रात्री बसून वहिनीचा मेसेज लिहिला:

"राम राम. सकाळी ८ ते ४ आम्ही कांडपावर असतो, फोन हाताशी नसतो. काय पाहिजे आणि किती, ते इथे लिहून ठेवा. संध्याकाळी ५ ते ८ मध्ये नक्की उत्तर देतो."

एवढ्यानं माणूस थांबतो. कधी उत्तर येणार हे कळलं की त्याला दुसरीकडे जायची घाई राहत नाही. फक्त दिलेली वेळ पाळायची. पाच म्हटलं तर पाच.

झटपट उत्तरांचंही तसंच. दिवसातून वीस वेळा तेच विचारलं जातं: भाव काय, पार्सल कसं येतं, पैसे कसे द्यायचे. प्रत्येकाचं उत्तर एकदा नीट लिहून साठवायचं, मग टाइप करायच्या जागी तिरकी रेघ दाबली की यादी समोर येते. मेसेज मात्र छापील भाषेत लिहू नका. "प्रिय ग्राहक, आपले हार्दिक स्वागत" असं वहिनी समोरासमोर कोणाला म्हणत नाही, मग फोनवर कशाला?

वाचायचा कंटाळा असणाऱ्या मंडळींना आवाजी मेसेज पाठवा. वहिनी आपल्या नेहमीच्या बोलीत सांगते, "काकाजी, तुमचं तिखट झालं कुटून. उद्या पोराले पाठवा घ्यायले." या मेसेजला कोणी उत्तर दिलं नाही असं मी पाहिलेलं नाही.

गप्पांना लेबल लावायची सोयही याच ॲपमध्ये आहे. 'नवीन ऑर्डर', 'पैसे बाकी', 'पाठवलं' एवढी तीन पुरेत.

तिसरी पायरी: फोटो

बिझनेस ॲपमध्ये मालाचे फोटो मांडायला कॅटलॉग असतो. त्यात ५०० पर्यंत वस्तू टाकता येतात, पण तुम्ही आठ-दहाच टाका आणि त्यांचे फोटो मन लावून काढा. आमचे पहिले फोटो वाया गेले. स्टीलच्या ताटात तिखट ठेवून दुपारी अंगणात काढले होते. ताट चमकलं, तिखट जळल्यासारखं दिसलं. फोनचा कॅमेरा लाल रंग फार भडक करतो, आणि तसा फोटो पाहून लोकांना वाटतं रंग मिसळलाय.

मग सकाळी आठच्या सुमाराला ओसरीत बसलो. ऊन थेट नाही, उजेड बाजूनं येतोय. धुतलेलं पांढरं सुती कापड, त्यावर बांबूचं सूप, सुपात तिखटाचा ढीग आणि बाजूला चार अख्ख्या मिरच्या. पडद्यावर तिखटावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढला, तेव्हा डोळ्यांना दिसतो तसा रंग आला. हळदीसाठी हळकुंड मोडून आतला नारिंगी भाग दिसेल असा फोटो काढा. पारखी बाई पुडीआधी हळकुंडच बघते.

पाकिटाची मागची बाजूही दाखवा: वजन, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर. आणि जे नाही ते लिहू नका. वायगावच्या हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (ते नाव फक्त त्या भागातल्या मालालाच लावायची नोंद) मिळालं, नागपुरी संत्र्याला त्याआधीच. ही नावं दुसऱ्याच मालावर चिकटवणं म्हणजे तिथल्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणं आहे. तुमच्या शेतातली हळद असेल तर तुमच्या गावाचं नाव लिहा.

भावाचं एक सांगून ठेवतो. भाव फोटोवर छापू नका. आम्ही छापला होता. तो फोटो पुढे पुढे पाठवला जात राहिला आणि पुढच्या हंगामात एक काकू तोच दाखवून जुन्या भावानं पाच किलो मागू लागल्या. त्यांचं चुकलं नव्हतं, फोटोवर तारीख नव्हती. आम्ही त्यांना त्याच भावानं दिलं. आता भाव मेसेजमध्ये असतो, आणि कोणत्या तारखेपर्यंतचा तेही सोबत.

चौथी पायरी: समोरच्याच्या फोनमध्ये जा

ही पायरी बहुतेक जण सोडून देतात. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करता येते, एका यादीत २५६ माणसांपर्यंत. प्रत्येकाला मेसेज वेगळा जातो, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. म्हणजे तुमच्याकडे हजार नंबर असून उपयोग नाही, तुम्ही त्यांच्या फोनमध्ये असलं पाहिजे.

त्यासाठी बसून राहायचं नाही. माल देताना तिथल्या तिथे म्हणायचं, "ताई, माझा नंबर सेव्ह करता का? नवीन हळद आली की कळवीन." पोळा, दिवाळी आणि उन्हाळ्यातली लग्नं, या तीन वेळी नागपूर-पुण्याच्या लेकीबाळी आणि पोरं गावात असतात. वर्षाचं निम्मं काम त्या दिवसांतच होतं. ज्यांनी हो म्हटलं त्यांनाच यादीत घ्या. न विचारता मेसेज मारत सुटलात तर लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात, आणि तक्रारी वाढल्या की व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं. मग सगळी गिऱ्हाइकं एका दिवसात गेली.

महिन्यातून दोन मेसेज भरपूर झाले. त्यात सांगण्यासारखं काही असावं: "यंदाची हळद दळून तयार आहे, अर्धा आणि एक किलोच्या पाकिटात. शनिवारी नागपूरला पार्सल जाईल. पाहिजे असेल तर 'हळद' एवढं लिहून पाठवा." सुप्रभातची फुलं पाठवून लोकांना कंटाळवू नका. रोजचं काम स्टेटसवर टाका, ते २४ तासांनी आपोआप जातं आणि ज्याला बघायचं तोच बघतो.

गावच्या ग्रुपवर जाहिरात टाकायच्या आधी ॲडमिनला विचारा, आणि वरचे चार मेसेज वाचा. कोणाच्या घरी मयत झाली आहे, सगळे श्रद्धांजली लिहित आहेत आणि त्याखाली कुरडयांचा भाव. असं आमच्या ग्रुपवर एकाच्या हातून झालं. त्याच्या मनात काही नव्हतं, पण लोक अजून विसरले नाहीत.

पाचवी पायरी: ओळखीच्या पलीकडे

आता फेसबुक. वैयक्तिक खात्याला ५,००० मित्रांची मर्यादा आहे, म्हणून धंद्याचं पेज काढा आणि त्यावर व्हॉट्सॲपचं बटण जोडा. इन्स्टाग्रामवर काम दाखवा, भाषण नको. हळद शिजवतानाची वाफ, हळकुंड कट्‌कन मोडल्याचा आवाज, कांडपाचा ठेका. धंद्याच्या खात्यावर गाजलेली गाणी वापरायला बंधनं असतात, आणि कांडपाचा ठेका असताना गाणं लागतंच कशाला?

गुगल मॅपवर दुकान नोंदवायला विसरू नका, तेही फुकट आहे. रस्त्यानं जाणारा माणूस तिथेच शोधतो.

पैसे भरून जाहिरात करायची तर माल तयार असतानाच करा. वर्षभराचं तिखट-हळद बायका मार्च ते मे या महिन्यांत भरतात. त्या काळात, नागपूर शहर एवढाच भाग निवडून, दिवसाला शंभर-दोनशे रुपये, चार दिवस. फोन किती आले ते मोजा आणि मगच पुढचं ठरवा. पावसाळ्यात कुरडयांची जाहिरात म्हणजे पैसे पाण्यात.

पैसे घेताना

अनोळखी माणूस मोठी ऑर्डर देतो, मी सैन्यात आहे म्हणतो, भाव करत नाही, आणि "हा क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्याकडे येतील" असं सांगतो. हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः दुकानावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना, पुन्हा पुन्हा सांगा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट खोटाही असतो, खात्यात जमा दिसल्यावरच माल सोडा. फसवणूक झालीच तर लाजून बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त.

तक्रार आली तर

पेजवर एका ताईंनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, "हळदीत गुठळ्या निघाल्या." गटातल्या एकीचं म्हणणं, काढून टाका. वहिनीनं काढलं नाही. तिथेच खाली लिहिलं: "ताई, त्या खेपेचं पाकीट नीट बंद झालं नव्हतं, ओल लागली. चूक आमची. दुसरं पाकीट उद्या पाठवते, पैसे नकोत." पुढचं बोलणं फोनवर झालं. ते उत्तर वाचून दोन नव्या बायांनी ऑर्डर दिली. वाईट लिहिलेलं पुसलं तर लिहिणारी दहा जणींना सांगते. त्याच दिवशी, त्याच जागी उत्तर द्या.

एक वही

फोनमधले आकडे, लाइक, व्ह्यू यांवर फार विसंबू नका. दोनशे रुपयांची वही घ्यायचीही गरज नाही, पोरांच्या जुन्या वहीची उरलेली पानं चालतील. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, "आमचं कुठून कळलं?" आणि नावापुढे एक शब्द लिहा: स्टेटस, फेसबुक, मॅप, बहीण, शेजारीण. मे संपला की पानं मोजा. वहिनीच्या वहीत गेल्या खेपेला 'बहीण' आणि 'शेजारीण' सगळ्यात जास्त निघाले, त्याखालोखाल 'स्टेटस'. म्हणून यंदा जाहिरातीचे पैसे कमी केले आणि प्रत्येक पार्सलात पाव किलो जवसाची चटणी जास्तीची टाकली, सोबत चिठ्ठी: "ही तुमच्या शेजारणीला द्या. नंबर पाकिटावर आहे."