मुलांसाठीच्या डिझाइनची परिषद भरवायची तर

आयोजन समितीत पहिल्यांदा नाव लागलं की नवखा माणूस सभागृह, जेवण आणि बॅनरच्या मागे धावू लागतो. ती कामं करावी लागतातच, पण ती कुठल्याही परिषदेत सारखीच. मुलांसाठीच्या इंटरॅक्शन डिझाइनच्या, म्हणजे मुलं वापरतील अशी यंत्रं, अॅप आणि खेळणी कशी घडवायची या विषयाच्या परिषदेत खरी कसोटी लागते ती मुलांमुळे. ती संशोधनात असतात आणि कधीकधी प्रत्यक्ष दालनातही.

या क्षेत्रातली मुख्य वार्षिक परिषद म्हणजे 'इंटरॅक्शन डिझाइन अँड चिल्ड्रन'. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला भरलेल्या कार्यशाळेतून ती उभी राहिली. शोधनिबंधात मुलं कशी निवडली, त्यांचा सहभाग कसा घेतला, हे स्वतंत्र भागात लिहायची तिथली पद्धत आम्ही जशीच्या तशी उचलली. तुम्हीही उचला, पण निबंध मागवणाऱ्या पहिल्याच निवेदनात ती अट घाला. निबंध स्वीकारल्यावर विचारणा केली तर लेखक बिचारा मागच्या तारखेची संमती आणणार कुठून?

सर्वात जास्त डोकं खाल्लं ते कोणता निबंध कोणत्या परीक्षकाकडे द्यायचा या वाटपानं. इथे संगणकवाले, मानसशास्त्रवाले, शिक्षणवाले आणि डिझाइनर एकाच टेबलावर येतात. एकाला बारा मुलांचा अभ्यास तोकडा वाटतो, दुसऱ्याला तेवढ्यातच सोनं दिसतं. या क्षेत्रातल्या संशोधक अॅलिसन ड्रुइन यांनी २००२ मध्ये मांडलेल्या मुलांच्या चार भूमिका इथे कामी येतात: वापरकर्ता, चाचणी घेणारा, माहिती देणारा आणि डिझाइनमधला भागीदार. निबंधात मूल कोणत्या भूमिकेत आहे ते आधी बघायचं आणि तशा पद्धतीनं काम केलेला निदान एक परीक्षक द्यायचा. भागीदार म्हणून मुलांसोबत महिनोन्महिने केलेलं काम फक्त आकडेवारीच्या माणसाकडे गेलं, तर निकाल काय लागणार हे सांगायला नको.

आता डेमो, म्हणजे संशोधक आपली यंत्रं मांडून हाताळायला देतात तो भाग. मुलांना बोलावणार असाल तर पालकांची लेखी संमती लागतेच, शिवाय मुलाचा स्वतःचा होकारही हवा. तो त्याला कळेल अशा भाषेत विचारायचा, आणि मधेच "नको" म्हणालं तर कारण न विचारता सोडायचं. (आपलं यंत्र सोडून मूल निघालं की संशोधकाचा चेहरा पडतो, पण त्याला इलाज नाही.) फोटो नको असलेल्या मुलांना वेगळ्या रंगाची गळपट्टी द्या, आणि त्या रंगाचा अर्थ फोटोग्राफरला स्वतः जाऊन सांगा. कुठलंही मूल एकट्या संशोधकाबरोबर बंद खोलीत नको. टेबलं बुटकी हवीत, वायरी जमिनीला चिकटवलेल्या, हाताळायच्या वस्तू पुसलेल्या.

मुलांकडून अभिप्राय घ्यायचा तर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी, म्हणजे स्मायलीओमीटर, सगळ्यांना सोपी वाटते. पण लहान मुलं सर्रास सर्वात हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतात. मग प्रत्येक डेमोवाला "मुलांना फार आवडलं" असं सांगत फिरतो. त्यापेक्षा "हे पुन्हा करायला आवडेल का?" हा प्रश्न प्रत्येक खेळाबद्दल विचारा, हो, नाही, कदाचित एवढीच उत्तरं ठेवा. कुणी न सांगता मूल कोणत्या टेबलाकडे परत वळतं, तेही टिपून ठेवा. माझा भरवसा त्यावरच जास्त.

पैसे, प्रायोजक, वेळापत्रक यांवर फार लिहीत नाही. एवढंच बघा की खेळणी किंवा अॅप विकणारा प्रायोजक असेल तर त्याचा स्टॉल मुलांच्या डेमोपासून लांब असावा आणि मुलांची कुठलीही माहिती त्याच्या हाती जाऊ नये. हे करारातच लिहून घ्या. तोंडी आश्वासनं उद्घाटनाच्या गडबडीत हवेत विरतात.

विद्यार्थी असाल आणि या क्षेत्रात पाय रोवायचा असेल, तर स्वयंसेवक म्हणून नोंदणीच्या टेबलापेक्षा डेमोचं दालन मागून घ्या. नोंदणीवर नावं कळतात. दालनात लेखक आपलं यंत्र मुलाला कसं समजावतो ते दिसतं, आणि पुढच्या प्रकल्पासाठी मदतनीस शोधणारे लोक तिथेच रेंगाळत असतात.